सुतारकाम हौसेचं कधी झालं?

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी ग्वेल्फमध्ये दादाच्या परसात गुडघ्यांवर बसून एका लाकडी चौकटीचे कर्ण मोजत होते. 12 फूट बाय 12 फूट. दोन्ही कर्ण 16 फूट साडेअकरा इंचांच्या किंचित वर यायला हवे होते. एक आला 16 फूट 10 इंच, दुसरा 17 फूट 1 इंच. म्हणजे चौकट काटकोनात नव्हती, एका बाजूला कलली होती. तिच्यावर भिंती उभ्या केल्या असत्या तर छपरापर्यंत ती चूक वर चढली असती.

तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. अण्णा म्हणजे आमचे वडील. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी असतात. दादाने फोन फिरवून त्यांना चौकट दाखवली आणि सांगितलं, की सुतारकामासाठी शेड बांधतोय, हिची हौस आहे. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढं शिकून पुन्हा रंधाच मारायचा होता, तर आबांचं काय वाईट होतं?"

आबा म्हणजे आमचे आजोबा, गावचे सुतार. आमचं आडनावही सुतारच. इथे कॅनडात त्या आडनावाचा अर्थ कुणाला कळत नाही. तिकडे ते उच्चारलं की पुढचे दोन-तीन प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

पॉडकास्टच्या भागात मी ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली होती. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की अण्णांना काय उत्तर दिलंस? त्या दिवशी काहीच दिलं नाही. पण शेड बांधायला लागलेल्या चार महिन्यांत प्रश्न डोक्यात राहिला, आणि माझं काम ग्रामीण इतिहासाचं असल्यामुळे तो हळूहळू इतिहासाचा प्रश्न झाला. सुतारकाम हौसेचं कधी झालं? कुणासाठी झालं? आणि कुणासाठी अजून झालेलं नाही?

झाड पाडून वसवलेलं गाव

ग्वेल्फची सुरुवातच कुऱ्हाडीने झाली. 23 एप्रिल 1827 या दिवशी जॉन गाल्ट नावाच्या स्कॉटिश माणसाने स्पीड नदीच्या काठी एक मोठं मेपलचं झाड समारंभपूर्वक तोडलं आणि 'गाव वसलं' असं जाहीर केलं. गाल्ट पेशाने कादंबरीकार, आणि त्या वेळी कॅनडा कंपनीचा इथला अधिकारी. ही कंपनी सरकारकडून जमीन घेऊन वसाहतवाल्यांना विकायची. गावाचे रस्ते त्या झाडाच्या बुंध्यापासून पंख्यासारखे पसरतील असा आराखडा होता. आजही ग्वेल्फच्या जुन्या भागाचा नकाशा पाहिला तर तो पंखा ओळखू येतो.

ही जमीन अर्थात रिकामी नव्हती. ग्वेल्फ आज ज्या भूमीवर आहे तिच्याबद्दल 1792 मध्ये मिसिसॉगा लोक आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात करार झाला होता. आपल्या इथल्या सार्वजनिक कार्यक्रमांच्या सुरुवातीला ज्या 'तिसऱ्या करारा'चा उल्लेख होतो, तो हाच.

मुद्दा असा, की ऑन्टारिओच्या या भागात आलेल्या पहिल्या पिढ्यांना लाकडाशी भिडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जंगल साफ केल्याशिवाय शेत नाही, आणि ओंडके रचल्याशिवाय घर नाही. त्यात हौसेला जागा नव्हती. आणि ते काम कुणी 'स्वतः' केलेलंही नव्हतं.

बी

सुमारे शंभर वर्षं ऑन्टारिओच्या खेड्यांत एक शब्द सतत ऐकू यायचा: बी. मधमाशी या अर्थाचाच इंग्रजी शब्द. शेजाऱ्यांनी एकत्र जमून एका घरचं काम उरकायचं, म्हणजे बी. ओंडके हलवायची बी, मळणीची बी, गोधड्या शिवायची बी, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे घर किंवा कोठार उभं करण्याची बी. कॅथरीन पार ट्रेल या लेखिकेने 1836 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या घराची अशी बी वर्णन केली आहे. 16 शेजारी आले आणि रात्र पडेपर्यंत बाहेरच्या भिंती उभ्या होत्या. तिची बहीण सुझॅना मूडी हिला मात्र बी हा प्रकार अजिबात आवडला नाही. दारू, गोंगाट, भांडणं आणि इतक्या माणसांचा स्वयंपाक, असा तिचा अनुभव.

दोघींचंही खरं असणार. ग्वेल्फ विद्यापीठातल्या इतिहासकार कॅथरीन विल्सन यांनी शेतकऱ्यांच्या रोजनिश्या वाचून 'बीइंग नेबर्स' हे पुस्तक 2022 मध्ये लिहिलं. अशा रोजनिश्यांचा एक संग्रह विद्यापीठाने ऑनलाइन उघडा केला आहे आणि स्वयंसेवक त्यांतली हस्ताक्षरं लावून टाइप करतात. विल्सन यांच्या पुस्तकातून माझ्या डोक्यातलं एक गोड चित्र मोडलं. बी म्हणजे निव्वळ परोपकार नव्हता. कोण कुणाकडे किती दिवस आला, कुणाचे बैल आणले, कुणाची परतफेड राहिली याचा हिशेब लोक ठेवत होते, काही कागदावर आणि बाकीचे मनात. जो येत नसे त्याच्याकडेही कुणी जात नसे. म्हणजे ती उसनवारीच होती, फक्त पैशांऐवजी हातांची.

आपल्याकडच्या वाचकांना हे नवं वाटणार नाही. महाराष्ट्रात याला इर्जिक किंवा सावड म्हणतात. पेरणीला, नांगरटीला एकमेकांचे बैल आणि माणसं फिरवायची, आणि ज्याचं काम त्याने जेवण घालायचं.

आम्हाला बी करावी लागली ती भिंती उभ्या करताना. हल्लीच्या पद्धतीत भिंत जमिनीवर आडवी ठेवून जोडतात. खाली एक आडवी पट्टी, वर एक, मध्ये दर 16 इंचांवर एक उभा खांब. मग अख्खी भिंत उचलून उभी करायची. 12 फुटांची आमची पहिली भिंत मी आणि दादाने उचलायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकलो. ना वर जाईना, ना खाली ठेवता येईना. वहिनी धावत आली. शेजारचे सत्तरी ओलांडलेले इटालियन आजोबा कुंपणावरून बघत होते, ते हातमोजे घालूनच आले. त्यांनी आधी एक शिवी दिली, मग एक टेकू लावला. संध्याकाळी चारही भिंती उभ्या होत्या आणि वहिनीने सगळ्यांना पावभाजी केली. पुढच्या आठवड्यात आजोबांच्या गच्चीच्या फळ्या बदलायला मी आणि दादा गेलो. कुणी काही बोललं नव्हतं, पण जायचं होतं हे कळत होतं.

जुन्या कोठारांची उभारणीही साधारण अशीच व्हायची, फक्त अवाढव्य प्रमाणावर. मोठ्या तुळयांच्या चौकटी जमिनीवर जोडून तयार ठेवत. एका तुळईला खाच, दुसरीला कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. खिळा नाही. मग लांब काठ्यांनी रेटत पन्नास-पन्नास माणसं ती चौकट उभी करत. कधी चौकट निसटून माणसं दगावतही. पण खाचा आणि कुसू आधी कापून ठेवणारा एक कसबी सुतार असायचा. त्याचं माप चुकलं तर पन्नास माणसांचा उपयोग शून्य. तो बहुधा पैसे घ्यायचा. शेजाऱ्यांचे हात उसने मिळत होते, पण हे कसब विकत घ्यावं लागत होतं. ग्वेल्फच्या शेजारी, वॉटरलू भागातले जुन्या पंथाचे मेनोनाइट शेतकरी आजही अशी कोठारं एकत्र येऊन उभारतात.

शाळेतला रंधा

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चित्र पालटलं. यंत्राने कापलेलं एकसारखं लाकूड आणि स्वस्त तारेचे खिळे मिळायला लागले. खाच-कुसू न येणाराही आता घर ठोकू शकत होता. दुसरीकडे कारखाने आले. ग्वेल्फमध्ये 1860 च्या दशकात चार्ल्स रेमंडचा शिलाई मशीनचा कारखाना आणि बेल कंपनीचा ऑर्गनचा कारखाना उभा राहिला. बेलचे ऑर्गन आणि पियानो जगभर जायचे. त्यांच्या पेट्या बनवणारे कामगार लाकडातच काम करत होते, पण एकच भाग दिवसभर. लाकूडकाम घरातून आणि शेतातून बाहेर पडलं आणि शिट्टी वाजली की सुरू, शिट्टी वाजली की बंद असं झालं.

नेमक्या याच वेळी लोकांना काळजी वाटू लागली, की आपली मुलं हाताने काही करायला विसरतील. स्वीडनमध्ये ऑटो सालोमन या शिक्षकाने 'स्लॉइड' नावाची पद्धत बसवली होती. मुलांनी चमचे, पेट्या, स्टूल अशा उपयोगी वस्तू क्रमाक्रमाने लाकडात कराव्यात. सुतार व्हायला नाही, तर हात आणि मन घडायला. कॅनडात ही कल्पना तंबाखूच्या पैशावर आली. माँट्रियलचे तंबाखूसम्राट विल्यम मॅकडोनल्ड यांनी 1900 च्या सुमारास देशभरच्या शहरांत हस्तकामाची केंद्रं उघडायला पैसे दिले आणि इंग्लंडहून शिक्षक आणवले. त्यांच्याच देणगीतून 1903 मध्ये ग्वेल्फमध्ये मॅकडोनल्ड इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिची लाल विटांची इमारत आज विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे गृहशास्त्र, निसर्ग-अभ्यास आणि हस्तकाम असे विभाग होते. मुलींना स्वयंपाकघराचं शास्त्र, मुलग्यांना रंधा-करवत, अशी त्या काळातली सरळ वाटणी. अ‍ॅडलेड हूडलेस ही गृहशास्त्राची खंदी पुरस्कर्ती या संस्थेमागे होती.

त्या इमारतीवरून मी रोज जाते. आबांच्या पडवीत मी लहानपणी बसलेली असायचे तेव्हा माझं काम ढलप्या वेचून चुलीजवळ नेण्याचं होतं. पटाशी दादाच्या हातात दिली जायची. ग्वेल्फची आणि आमच्या पडवीची यावर काही चर्चा झाली नव्हती, तरी दोन्हीकडे ठरलं तेच.

'स्वतः करा'

हौसेला तीन गोष्टी लागतात: मोकळा वेळ, स्वतःची जागा आणि गरजेपेक्षा थोडे जास्त पैसे. उत्तर अमेरिकेतल्या सामान्य माणसाकडे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर.

त्याआधीही लोक स्वतः बांधत होते, पण नाइलाजाने. रिचर्ड हॅरिस या भूगोलज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या टोरोंटोचा अभ्यास केला आहे. शहराच्या हद्दीबाहेर अर्ल्सकोर्टसारख्या वस्त्यांत ब्रिटनहून आलेले कामगार स्वस्तात जमिनीचा तुकडा घेत आणि कामावरून आल्यावर, रविवारी, स्वतःच्या हाताने घर बांधत. आधी एक खोली, त्यावर टारकागद. पैसे आले की दुसरी खोली. आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांनीही ग्वेल्फमध्ये घर असंच टप्प्याटप्प्याने बांधलं. दिवसा कारखाना, रात्री घर. मी त्यांना म्हटलं, "त्यांना हौस होती का?" ते हसले. म्हणाले, "त्यांना झोप हवी होती."

युद्धानंतर उपनगरं वाढली, आठवड्याचे कामाचे तास कमी झाले आणि घरगुती विजेची अवजारं आली. ब्लॅक अँड डेकर कंपनीने 1946 मध्ये घरच्या वापरासाठी स्वस्त ड्रिल बाजारात आणलं. 1954 च्या ऑगस्टमध्ये टाइम साप्ताहिकाने 'डू इट युवरसेल्फ' हा विषय मुखपृष्ठावर घेतला, कारण तो एव्हाना मोठा व्यवसाय झाला होता. स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराचं म्हणणं असं, की तळघरातली किंवा गॅरेजमधली कार्यशाळा म्हणजे पुरुषाला घरात मिळालेली स्वतःची जागा होती. दिवसभर ऑफिसात कागद सरकवणारा माणूस संध्याकाळी तिथे जाऊन काहीतरी पूर्ण करायचा. ते काम नोकरीसारखंच मेहनतीचं होतं, पण मालक कुणी नव्हता. त्यामुळे त्याला खेळ म्हणता येत होतं.

आपण इथे आल्यावर बहुतेक जण जे करतो ते या इतिहासाच्या शेवटच्या टोकाला येतं. फर्निचरचा चपटा खोका आणतो, षटकोनी चावी घेऊन जमिनीवर बसतो आणि कपाट जोडतो. घरी फोटो पाठवला की उत्तर येतं, "माणूस बोलवायचा ना!" इथे माणूस परवडत नाही आणि तिकडे परवडतो. पण 'माणूस बोलव' यात नुसता पैशांचा हिशेब नसतो. हे काम आपलं नाही, त्यासाठी कुणीतरी वेगळा असतो, हेही त्यात असतं. आमच्या घरी अडचण ही, की तो वेगळा कुणीतरी आम्हीच होतो.

बलुतं

त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक 1915 चं. त्यात गावातल्या बलुतेदारांचं तपशीलवार वर्णन आहे. शेतकऱ्याचं काम ज्यांच्यावाचून अडतं त्यांत सुतार वरच्या फळीत येतो. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी, मोटेचं चाक, घराची दारं सगळं त्याच्याकडे. वर्षभर दुरुस्ती करायची, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. ते बलुतं. नवी गाडी किंवा घर असं मोठं काम असेल तर त्याचे वेगळे पैसे.

हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रांतून दाखवलं, की दख्खनचे बलुतेदार हे एकेका कुटुंबाचे नोकर नव्हते, ते सगळ्या गावाचे होते, आणि त्यांचा तो हक्क वतनासारखा होता. वतन वारशाने मिळायचं, त्याची वाटणी व्हायची, त्यावरून तंटेही व्हायचे. म्हणजे गावात दुसऱ्या सुताराने येऊन काम करायला लागणं हे आपल्या सुताराच्या हक्कावर अतिक्रमण होतं. यात संरक्षण होतं, आणि खुंट्याला बांधणंही होतं. काम तुझंच, म्हणून दुसऱ्याला मिळणार नाही. काम तुझंच, म्हणून तुला सुटणार नाही.

हे लिहिताना एक गोष्ट सांगायलाच हवी. सुतार अस्पृश्य नव्हता. गावगाड्यात महार-मांगांच्या वाट्याला जे आलं ते आमच्या वाट्याला आलं नाही, आणि आमच्या पडवीतही त्यांच्यासाठी उंबऱ्याची रेघ होतीच. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये 'जातीचं उच्चाटन' या न झालेल्या भाषणात दाखवलं, की जात कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच वेगळं पाडते आणि एकाखाली एक रचते. त्या उतरंडीत आम्ही मधोमध होतो. कुणाच्या तरी खाली आणि कुणाच्या तरी वर.

मग लोखंड आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान चालवता चालवता लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे ते सुरुवातीला खपेनात, असं सांगितलं जातं. 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती आजच्या सांगली जिल्ह्यातच. नांगर लोखंडी झाला तसं गावच्या सुताराचं मुख्य काम आटत गेलं. पुढे मोटेच्या जागी इंजिन आणि पंप आले, बैलगाडीला रबरी टायर आले. आबांच्या उतारवयात त्यांच्याकडे दारं, पाट आणि तिरड्या उरल्या होत्या. तिरडीचे ते पैसे घेत नसत.

पण कारखान्यालाही सुतार लागत होता. ओतीव लोखंडाची वस्तू करायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात लोखंड ओततात. हे नमुने करणारं खातं म्हणजे पॅटर्न शॉप. अण्णा अशाच एका कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये लागले. त्याआधी त्यांना कॉलेजला जायचं होतं. शाळेतले एक मास्तर म्हणाले, "तुझा हात चांगला आहे, कॉलेजचं काय खूळ घेतलंस?" अण्णा हे वाक्य अजून सांगतात. त्यात कौतुक होतं आणि दार लावून घेणंही होतं. म्हणून आमच्या घरात दोन्ही मुलांच्या हातात पुस्तक राहील याची त्यांनी काळजी घेतली. आबा वारल्यावर त्यांची वाकस, रंधे, गिरमिट सगळं माळ्यावर गेलं.

महाराष्ट्रातही शाळेत रंधा आणायचा प्रयत्न झाला होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींची 'नई तालीम' तिथे मांडली गेली आणि झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला त्यात सूतकताई, शेतीबरोबर सुतारकामही होतं. कृष्ण कुमार या शिक्षणतज्ज्ञाने यातली धग नेमकी ओळखली आहे. ज्या जातींचं कसब शाळेच्या दाराबाहेर ठेवलं होतं ते ज्ञान म्हणून फळ्यासमोर आणणं, हा त्यातला खरा बंडखोर भाग होता. कॅनडातला रंधा आणि वर्ध्यातला रंधा दिसायला सारखेच. पण कॅनडात तो मुलाच्या हातात देताना कुणाला 'म्हणजे माझं मूल सुतार होणार का' अशी भीती वाटायची गरज नव्हती. आपल्याकडे वरच्यांना ते काम कमीपणाचं वाटलं, आणि खालच्यांना वाटलं की आम्ही ज्यातून सुटू पाहतोय तेच पुन्हा शाळेत शिकवणार. अण्णांचा प्रश्न या दुसऱ्या बाजूचा आहे. तो मला आता राग म्हणून ऐकू येत नाही. त्यांनी ज्याची किंमत मोजली, ते मी सहज परत करतेय की काय, असं त्यांना वाटलं.

उभं राहून की बसून

जूनमध्ये छप्पर झालं. जुलैमध्ये वीज. ऑन्टारिओत फक्त सामान साठवायला वापरल्या जाणाऱ्या, 15 चौरस मीटरपर्यंतच्या एकमजली, नळ नसलेल्या सुट्या शेडला 2022 पासून बांधकाम परवाना लागत नाही. आमची सुमारे 13.4 भरते. पण कुंपणापासूनचं अंतर वगैरे शहराचे नियम लागतात, आणि विजेच्या कामाची नोंद प्रांताच्या वीज-सुरक्षा प्राधिकरणाकडे करून तपासणी करून घ्यावीच लागते. खांबांमध्ये रॉकवूल भरलं, त्याच्या आतल्या म्हणजे उबदार बाजूला प्लास्टिकचा पडदा लावला. तो बाहेरच्या बाजूला लावला तर हिवाळ्यात आतली वाफ भिंतीत थिजून लाकूड कुजतं. भिंतींना आतून प्लायवूड, म्हणजे कुठेही खुंटी मारता येते.

मग काम करायचं टेबल. मनगटाच्या उंचीचं, जड, पुढे शिकंजा. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, "उभं राहून कशाला? बस की खाली."

आबा जमिनीवर बसून काम करायचे. एक पाय पसरलेला, फळी पायाच्या अंगठ्याने आणि टाचेने दाबलेली. पाय हाच शिकंजा. वसाहतकाळातल्या इंग्रजांच्या लिखाणात भारतीय कारागिराचं हे बसणं पुन्हा पुन्हा येतं, कधी नवल म्हणून, कधी आळसाचा पुरावा म्हणून. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये 1865 ते 1875 शिकवणाऱ्या लॉकवूड किपलिंग यांनी, म्हणजे रुडयार्डच्या वडिलांनी, कामात गढलेल्या कारागिरांची बारकाईने चित्रं काढली आहेत. ती पाहताना मला वाटतं, की बसणारा माणूस आपलं दुकान बरोबर घेऊन फिरत होता. बलुतेदाराला शेतकऱ्याच्या अंगणात, खळ्यावर, विहिरीपाशी जाऊन काम करायचं होतं. जड टेबल तो कुठे नेणार? टेबलाला एक जागा लागते, वर छप्पर लागतं, आणि ती जागा आपली असावी लागते.

आमच्या शेडमध्ये म्हणून दोन जागा आहेत. एक टेबल, आणि दाराजवळ जमिनीवर जाड फळी टाकलेला कोपरा.

पट्टी

सप्टेंबरमध्ये गावाकडचे एक नातेवाईक टोरोंटोला आले. त्यांच्याकडे अण्णांनी एक पुडकं दिलं होतं. आत आबांचा एक रंधा आणि अण्णांची पॅटर्न शॉपमधली पोलादी पट्टी. रंध्याची पात काढून, तेल लावून वेगळी गुंडाळली होती.

त्या रात्री अण्णांनी स्वतःहून फोन केला. रंधा उलटा धरायला लावला, डोळ्याला लावून तळ सरळ आहे का बघायला सांगितलं. मग फळीवर चालवायला लावला. मी चालवला, लाकूड उचकटलं. "रेषा बघ," ते म्हणाले, "उलट्या अंगानं मारतीयस. फळी फिरव." फिरवली. लांब, पातळ, सलग साल निघाली. ते काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवला नाही. अर्धा तास मी रंधा मारत होते आणि ते बघत होते. मग मी विचारलं, "अण्णा, मीही सुतारच झाले का?" ते म्हणाले, "तुला उद्या कंटाळा आला तर तू शेडला कुलूप लावशील. आबांना लावता येत नव्हतं. एवढंच."

मला वाटतं, त्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. काम तेच, लाकूड तेच, रंधासुद्धा तोच. कुलूप लावायची मुभा कुणाला होती, यावर त्याचं नाव हौस की जात हे ठरलं. ऑन्टारिओच्या शेतकऱ्याला ती नव्हती, टोरोंटोच्या हद्दीबाहेरच्या कामगाराला नव्हती. त्यांच्या नातवंडांना ती वेळाने, पैशाने आणि जमिनीने मिळाली. आम्हाला त्याशिवाय आणखी एका गोष्टीपासून सुटावं लागलं, आणि ती सुटका अण्णांनी करून दिली. ज्यांच्याकडे आजही ती मुभा नाही असे सुतार आमच्या तालुक्यात आहेत, आणि ग्वेल्फमध्ये घरं बांधणाऱ्या कामगारांतही असतील.

पट्टीबद्दल मात्र अण्णांनी ताकीद दिली आहे, की तिने शेडमधलं काही मोजायचं नाही. लोखंड थंड होताना आकसतं, फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी तेवढी मोठी असते, तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा जरा लांब. तिने 12 फूट मोजले तर दीड इंच जास्त भरतात. ती मी टेबलाच्या वर, खिडकीशेजारी टांगली आहे. साध्या पट्टीत आणि तिच्यात गल्लत होऊ नये म्हणून दादाने तिला लाल फडकं बांधलंय.

चौकटीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर मोठा हातोडा मारत मारत आम्ही दोन्ही कर्ण एका सुतात आणले. अण्णा फोनवरून मोजमाप विचारत होते.